चार सेट आणि भरलेला डान्स फ्लोअर: अमेरिकेच्या दक्षिणेतले कंट्री रॉक बार बँड आतून कसे चालायचे

पुण्याच्या एका तरुण गिटारवादकाने विचारलं आहे: "सत्तरच्या दशकातल्या सदर्न रॉक बँडची लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकतो. दोन-दोन, तीन-तीन गिटार असतात, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. हे कुठून आलं? ज्या छोट्या बार बँडमधून ही मंडळी पुढे आली, ते बँड कसे चालायचे? तुम्ही अशा बँडबरोबर काम केलंय, तर सविस्तर सांगा."

हे बारमधून आलं. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री, प्रत्येक रात्री चार सेट, आणि समोर नाचायला आलेली माणसं. ती नाचली की तहान लागते, बिअर खपते. बिअर खपली की मालक पुढच्या महिन्याची तारीख देतो. नाच थांबला तर तारीख नाही. एवढ्या दबावाखाली वर्षानुवर्षं वाजवल्यावर बँड एक तर मोडतो किंवा एकजीव होतो. उत्तर एवढंच आहे, पण त्याच्या पोटात बरंच आहे, आणि ते फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

माझा संबंध असा. मी लालबागचा. व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल शिकून पुढे अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात गेलो आणि मग साउथ कॅरोलायनाच्या वायव्य भागातल्या, ज्याला तिथले लोक 'अपस्टेट' म्हणतात, एका कापड गिरणीत नोकरीला लागलो. ग्रीनव्हिल, स्पार्टनबर्ग आणि आजूबाजूची गावं तेव्हा गिरण्यांवरच जगत होती. आमच्या खात्यातला एक लूम फिक्सर, आपल्याकडे ज्याला जॉबर म्हणू तो, एका बार बँडमध्ये बेस वाजवायचा. त्याचा अँप्लिफायर मी दुरुस्त करून दिला आणि तिथून मी त्यांचा साउंडवाला झालो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ते ऐंशीचं दशक संपेपर्यंत दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया आणि क्वचित टेनेसीपर्यंत त्या बँडबरोबर फिरलो. राष्ट्रीय पातळीवर हे नाव कुणाला माहीत नव्हतं. गाडीने चार तासांच्या अंतरात मात्र लोक ओळखायचे. 'रिजनल बँड' म्हणतात तो हाच.

आधी जागा कशी असायची ते सांगतो, कारण वाजवण्याची पद्धत जागेतून आली आहे. लांबट, बुटक्या छताची खोली. एका टोकाला गुडघाभर उंचीचं लाकडी स्टेज, समोर थोडीशी मोकळी फरशी, बाकी टेबलं, पूल टेबल आणि ज्यूकबॉक्स. स्टेजजवळ बहुतेक एकच वीस अँपिअरचं सर्किट, आणि त्यावरच बिअरचा फ्रीज. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की ऑर्गनचा आवाज एक क्षण बसायचा. भिंतीवर बिअर कंपन्यांचे निऑनचे बोर्ड. टेलिकास्टर गिटारच्या सिंगल-कॉइल पिकअपला (तारांचा कंप पकडणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाला) हे निऑन आणि दिव्यांचे डिमर अजिबात सहन होत नाहीत; साठ हर्ट्झची घरघर सगळ्या गाण्याखाली चालू राहते. लेस पॉल गिटारवाल्याला तो त्रास कमी, कारण तिच्या हमबकर पिकअपमधली दोन वेटोळी एकमेकांची हमिंग मारतात. म्हणून टेलिकास्टर वाजवणारे गडी स्टेजवर उभे राहण्याची जागा आणि कोन कानाने शोधायचे. पाऊलभर डावीकडे सरकलं की घरघर निम्मी व्हायची.

याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. जुन्या अँप्लिफायरना दोन पिनांचे प्लग असत. प्लग उलटा बसला की चासीवर व्होल्टेज यायचं, ते गिटारच्या तारांपर्यंत पोचायचं, आणि गायकाचे ओठ माइकला लागले की झटका. एकशेवीस व्होल्टचा, पण घामाने भिजलेल्या माणसाला तो पाडू शकतो. म्हणून प्रत्येक जागी वाजवण्याआधी माझं पहिलं काम ठरलेलं: मीटर घेऊन प्रत्येक गिटारच्या तारा आणि प्रत्येक माइक यांच्यामधलं व्होल्टेज मोजायचं. तुम्हीही हे करा. आपल्याकडे दोनशेतीस व्होल्ट आहेत आणि मांडवातली अर्थिंग कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

सामान साधं होतं. गायनासाठी शुअरचे एसएम ५८ माइक. मिक्सर आणि स्पीकर पीव्हीचे. हार्टली पीव्ही यांनी 1965 साली मिसिसिपीतल्या मेरिडियन गावात ही कंपनी काढली. परवडणारं, आपटलं तरी चालणारं सामान दक्षिणेतच बनायला लागलं, याचा बार बँडना फार मोठा आधार झाला, असं माझं मत आहे. ऑर्गन म्हणजे हॅमंड बी-थ्री. बाक आणि पेडलसकट जवळपास 190 किलो. तो उचलायला चार माणसं लागायची, आणि आमच्याकडे कीबोर्डवाल्याला बँडमध्ये घेताना त्याचा भाऊ ताकदवान आहे का हेही पाहिलं जायचं.

आता सेट. रात्री नऊला सुरुवात, पाऊण तास वाजवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, असे चार. हे चार सेट म्हणजे एकाच कार्यक्रमाचे चार तुकडे नव्हेत. दर वेळी समोरची माणसं बदललेली असतात. पहिल्या सेटला लोक जेवत असतात. तिथे मध्यम लयीची जुनी कंट्री गाणी, आवाज एवढाच की टेबलावर बोलता यावं. दुसऱ्याला जोडपी उठतात. कॅरोलायनात त्या वेळी 'शॅग' नाचणारे खूप. हा तिथला जोडीने करायचा सरकता नाच, 1984 मध्ये साउथ कॅरोलायनाचा अधिकृत राज्यनृत्य झाला. त्याला मधल्या चालीचं, झुलतं रिदम अँड ब्लूज लागतं, आणि जो कंट्री रॉक बँड ते वाजवू शकत नाही त्याला समुद्रकिनाऱ्याकडच्या तारखा मिळत नसत.

तिसरा सेट गिरणीचा. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची. थोड्याच वेळात केसात कापसाची तूस घेऊन माणसं आत यायची. त्यांची संध्याकाळ तेव्हा सुरू होत असे, आणि आठ तास मागांच्या खडखडाटात उभं राहिल्यामुळे त्यांना संगीतही मोठ्या आवाजात लागायचं. बँडचा सगळ्यात जोरकस माल तिसऱ्या सेटसाठी राखून ठेवलेला असे: दुहेरी गिटार, लांब सोलो, स्लाइड (तारांवर नळी सरकवत वाजवणं). चौथा सेट उरलेल्यांचा. संथ गाणी, स्टील गिटार, शेवटी एक वेगवान, की लोक हसत बाहेर पडावेत. शनिवारी हे सगळं तासभर अलीकडे ओढायचं, कारण रात्री बाराला रविवार लागतो आणि दारू बंद.

दारूवरून एक तिथली खास गोष्ट. 1973 पासून 2006 च्या सुरुवातीपर्यंत साउथ कॅरोलायनात बारमध्ये कडक दारू फक्त विमानात मिळतात तशा छोट्या बाटल्यांतूनच द्यायची असा कायदा होता. एका बाटलीत सुमारे पन्नास मिलिलिटर, म्हणजे इतर राज्यांत मिळणाऱ्या पेगपेक्षा बरीच जास्त. गिऱ्हाइकाला ती अख्खी ग्लासात. परिणाम दोन. तिसऱ्या सेटपर्यंत खोली अपेक्षेपेक्षा जास्त चढलेली असे, आणि ऐन भावगर्भ गाण्यात रिकाम्या बाटल्या पिंपात पडण्याचा खळखळाट चालू. आमचा ड्रमर संथ गाण्यांत सिंबल मुद्दाम मोकळी ठेवायचा, तो आवाज झाकायला.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: एकमेकांच्या पायात न येणं.

पहिली गोष्ट, दोन गाण्यांच्या मध्ये थांबायचं नाही. अर्धा मिनिट शांतता झाली की माणसं टेबलाकडे परततात आणि त्यांना पुन्हा उठवायला दोन गाणी जातात. म्हणून पुढचं गाणं चालू गाण्यातच ठरायचं, आणि तेही बोटांनी. वर केलेली बोटं म्हणजे शार्प: एक बोट वर म्हणजे जी, दोन म्हणजे डी, तीन म्हणजे ए. खाली केलेली बोटं म्हणजे फ्लॅट: एक खाली म्हणजे एफ, दोन खाली म्हणजे बी फ्लॅट. गाण्याच्या आत कॉर्ड आकड्यांनी सांगायचे, एक-चार-पाच, कंट्री संगीताचं मुख्य शहर असलेल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत चालतात तसे. गायकाचा घसा बसला की गाणं आयत्या वेळी खालच्या पट्टीत उतरवता येतं, कारण सगळ्यांच्या डोक्यात आकडे असतात, अक्षरं नसतात. या सवयीमुळे वादक एकमेकांकडे सतत पाहतात. रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला जे एकजीवपण ऐकू येतं, त्यात या पाहण्याचा वाटा मोठा आहे. आपल्याकडची बरीच तरुण मंडळी स्वतःच्या फ्रेटबोर्डकडे पाहत वाजवतात. तिथे ते चालायचं नाही.

दुसरी गोष्ट, जागांची वाटणी. गायक गात असताना मधल्या मोकळ्या जागा भरण्याचा हक्क एका वेळी एकालाच. पहिल्या कडव्यात स्टील गिटार, दुसऱ्यात लीड गिटार, ध्रुवपदात दोघंही गप्प आणि ऑर्गन. पेडल स्टीलला दहा तारा, पायाखाली पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. तिचा स्वर सरकत जातो आणि खूप जागा व्यापतो. तिच्याबरोबर गिटारवाल्याने भरणा केला की चिखल होतो. दोन गिटार असतील तर एक पहिल्या पाच फ्रेटमध्ये उघडे कॉर्ड धरणार, दुसरी वरच्या भागात छोटे तुकडे वाजवणार. हे कुणी शिकवत नसे. साउंडवाला म्हणून मी दोघांचाही आवाज कमी केला की त्यांना ते कळायचं.

दुहेरी लीड, म्हणजे दोन गिटारनी एकच सुरावट तिसऱ्या स्वराच्या अंतराने बरोबर वाजवणं, ही या संगीताची ओळख झाली ती ऑलमन ब्रदर्स बँडच्या ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स यांच्यामुळे. त्यामागे जॅझ आहे तसा वेस्टर्न स्विंग, म्हणजे नाचासाठीचं जॅझच्या वळणाचं कंट्री संगीतही आहे. त्यात फिडलवाले हेच करत आले होते. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या लिनर्ड स्किनर्ड बँडने तीन गिटार आणल्या आणि सगळं घोटून पक्कं केलं. ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जजवळच्या एका झोपडीत, जिला ते उकाड्यामुळे 'हेल हाउस' म्हणत, त्यांचा गायक रॉनी व्हॅन झँट बँडकडून दिवस दिवस तालीम करून घ्यायचा. त्यांचे सोलोसुद्धा मंचावर सुचलेले नसत, स्वर न् स्वर बसवलेले असत. 1972 मध्ये रेकॉर्ड निर्माता अल कूपरने त्यांना ऐकलं तेही अटलांटातल्या एका क्लबमध्ये, बार बँड म्हणून वाजवतानाच. पहिली रेकॉर्ड पुढच्या वर्षी आली.

पण आमच्या भागातला देव म्हणजे मार्शल टकर बँड, स्पार्टनबर्गचा. बँडचं नाव कुणा सदस्याचं नाही. तालमीच्या जागेच्या किल्लीला लावलेल्या पट्टीवर ते नाव होतं, आणि ते त्या भागातल्या एका अंध पियानो ट्यूनरचं निघालं. टॉय कॉल्डवेल हा त्यांचा गिटारवादक आणि गीतकार. व्हिएतनाममध्ये मरीन म्हणून लढून आलेला. तो पिक न वापरता अंगठ्याने वाजवायचा. अंगठ्याने वाजवलेल्या स्वराची सुरुवात गोल आणि मऊ असते, त्यामुळे त्याची गिटार कितीही वेगात असली तरी जेरी यूबँक्सच्या बासरीशी भांडत नाही. कंट्री रॉकमध्ये बासरी! आमच्या अपस्टेटमध्ये मात्र प्रत्येक बार बँडला ती गाणी यावीच लागत. आमच्या गिटारवाल्याने अंगठ्याच्या कातडीला घट्टे पडेपर्यंत तो स्पर्श मिळवण्याचा प्रयत्न केला, आणि माझ्या कानांना तो बऱ्याच अंशी त्याला मिळाला.

बार हीच शाळा, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण हवं असेल तर अलाबामा या बँडकडे पाहा. फोर्ट पेनचे रँडी ओवेन, टेडी जेंट्री आणि जेफ कुक, नात्याने एकमेकांचे भाऊ. 1973 पासून 'वाइल्डकंट्री' नावाने ते मर्टल बीचच्या 'द बाउरी' बारमध्ये वाजवायला लागले. उन्हाळ्यात आठवड्याचे सहा दिवस, आणि मुख्य कमाई बक्षिशीची. माणूस बरणीत नोट टाकतो आणि फर्माईश करतो. लालबागच्या हनुमान थिएटरात दौलतजादा व्हायचा त्यातलाच हा प्रकार. नोट आली की गाणं आलंच पाहिजे. सुट्टीवर आलेली माणसं दर आठवड्याला नवी, त्यामुळे दर आठवड्याला नवी फर्माईश. सात-आठ उन्हाळे त्यांनी हे केलं. 1977 मध्ये नाव बदललं, 1979 मध्ये ड्रमर मार्क हर्नडन आला, 1980 मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने करार केला, आणि 1982, 83, 84 अशी सलग तीन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' सन्मान त्यांना मिळाला. नॅशव्हिलमध्ये तोवर एकटा गायक आणि मागे भाड्याचे वादक हीच रीत होती. स्वतः गाणारा, स्वतः वाजवणारा बँड तिथे वरच्या पायरीवर पोचला तो बाउरीतल्या फर्माईशींच्या जोरावर, असं मी ठामपणे म्हणेन. आमचा बँड मर्टल बीचला वाजवायला जाई, तेव्हा गडी आधी त्या बारसमोर जाऊन उभे राहत.

एक गोष्ट टाळून हे उत्तर पुरं होणार नाही. त्या काळात बऱ्याच स्टेजमागे कॉन्फेडरेट झेंडा लावलेला असायचा. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचा झेंडा. आमच्या बँडमध्ये कुणी माझ्या रंगावरून कधी वाकडं बोललं नाही, पण काही गावांत बारच्या दारात मला थांबवलं गेलं आणि बेसवाल्याने "हा नसेल तर आम्ही वाजवत नाही" असं सांगून सामान परत गाडीत भरायला घेतलं. अशा दोन जागा आम्ही कायमच्या सोडल्या. मला राग येई तो आणखी एका कारणाने: त्या झेंड्यासमोर जे वाजत होतं ते पायापासून कृष्णवर्णीयांचं संगीत होतं. स्लाइड गिटार, शफलचा झुलता ताल, तालाच्या बारा मापांचे ब्लूज, सगळं. ऑलमन ब्रदर्समध्ये तर पहिल्या दिवसापासून जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमर होता, आणि बेरी ओकली गेल्यावर बेसवर लामार विल्यम्स आला, तोही कृष्णवर्णीय. दक्षिणेचं खरं चित्र त्या स्टेजवर होतं. साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या घुमटावरून तो झेंडा 2000 मध्ये खाली आला आणि आवारातून 2015 मध्ये, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारली गेल्यावर. फार उशीर झाला.

मग हे संपलं कसं? लोक म्हणतात डिस्को आला, एमटीव्ही आला. त्याने फरक पडला, पण घाव घातला तो दारूच्या वयाने. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी हे वय अठरावर आणलं होतं. आमच्याकडे बिअरला अठरा पुरत. म्हणजे क्लेमसनसारख्या गावातली कॉलेजची सगळी पोरं गिऱ्हाईक. 1984 मध्ये केंद्राने कायदा केला की जे राज्य वय एकवीस करणार नाही त्याच्या महामार्गांच्या निधीला कात्री लागेल. 1988 पर्यंत सगळी राज्यं वळली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे तरुण मुलं मरत होती, त्यामुळे कायद्याला माझा विरोध नाही. पण मंगळवार, बुधवार, गुरुवारच्या तारखा एका वर्षात गेल्या. आठवड्याला पाच रात्री वाजवणारा बँड दोन रात्रींवर आला, आणि दोन रात्रींत वादकांचं पोट भरत नाही. त्याच सुमाराला ड्रम मशीन आणि आधी भरलेली साथ आपोआप वाजवणारे सीक्वेन्सर स्वस्त झाले. मालकाला पाच माणसांऐवजी दोन माणसांत गाणी मिळायला लागली, नंतर कॅराओके आलं. गिरण्याही एकेक करून बंद होत गेल्या, तशी तिसऱ्या सेटची माणसं गेली. माझे स्वतःचे दोन काका 1982 च्या संपात गिरणगावातून बाहेर फेकले गेले, त्यामुळे अपस्टेटमधली ती रिकामी पार्किंगं पाहताना पुढे काय होणार ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आमचा बँड भांडणाशिवाय थांबला. ड्रमर ट्रक चालवायला लागला, स्टीलवाला चर्चमध्ये वाजवतो, बेसवाला निवृत्त आहे आणि अजून मला फोनवर अँप्लिफायरच्या ट्यूबचे नंबर विचारतो.

तुम्हाला पुण्यात हे करायचं असेल तर फेस्टिव्हलमधल्या वीस मिनिटांच्या मागे लागू नका. दर आठवड्याला एकाच जागी तीन तास वाजवायला देईल असा मालक शोधा, पैसे कमी असले तरी. चाळीस गाणी बसवा, त्यातली निम्मी अशी की ज्यावर लोकांचे पाय हलतील. मग ती तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, आकड्यांनी. गिटारवाल्यांनी आठवड्यातून एक तालीम फक्त दुसऱ्याला साथ करण्याची करावी, स्वतःचा सोलो न घेता. साउंडवाल्याला बँडचा सदस्य माना आणि कमाईत त्याचा समान वाटा ठेवा. आमच्याकडे तो पहिल्या वर्षापासून होता, म्हणून मी टिकलो.

आणि ऐकायचं कसं तेही सांगतो. ऑलमन ब्रदर्सचं 1971 च्या मार्चमध्ये न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात झालेलं रेकॉर्डिंग काढा. दोन गिटार दोन बाजूंना वेगळ्या ऐकू येतात. हेडफोनची एक बाजू कानावरून काढा आणि ज्याचा सोलो चालू नाही त्यालाच पूर्ण गाणंभर ऐका. तो कुठे थांबतो, गिटारच्या कोणत्या भागात उतरतो, ड्रमरबरोबर कुठे जातो, ते वहीत लिहून काढा. मग दुसऱ्या बाजूने तेच करा.